बिनगुळाचं पन्हं

चैत्रातलं हळदीकुंकू होतं, समोरच्या काकूंकडे. दारातच मोगऱ्याचा वास, आत झोपाळ्यात गौर बसलेली, पुढे कापलेल्या कलिंगडाची कमळं, करंज्या आणि लाडवांची ताटं, आणि एका कोपऱ्यात परातभर भिजवलेले हरभरे. बायकांची गर्दी अशी की पंखा असूनही गालावरची हळद ओली राहत होती. काकूंनी मला हाताला धरून थेट स्वयंपाकघरात नेलं, फ्रीज उघडला आणि दुधाच्या पातेल्यामागून स्टीलचा एक छोटा तांब्या काढला. "हे तुझं वेगळं. शुगर आहे ना तुला, म्हणून गूळ-साखर काही नाही बरं का. नुसती कैरी, जिरं, वेलदोडा आणि मीठ. सकाळीच बाजूला काढून ठेवलं, नाहीतर गडबडीत राहून गेलं असतं." पहिल्या घोटाला दात आंबले. दुसऱ्या घोटाला कानामागे कळ गेली. तरी मी अख्खा पेला संपवला, कारण काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आपण कुणाची तरी नीट काळजी घेतल्याचं समाधान होतं. आंब्याच्या डाळीचा द्रोणही त्यांनी माझ्या हातात दिला, "यात साखरेची चिमूटही नाही" असं बजावून.

घरी आले, ओटीतले हरभरे ओट्यावर ओतले, आणि मला राग आला होता हे लक्षात आलं. कुणावर, ते कळेना. काकूंवर तर नक्कीच नाही. इतक्या पन्नास बायकांमध्ये माझ्यासाठी वेगळा तांब्या भरून ठेवणं ही काही साधी गोष्ट नव्हे. दुसऱ्या दिवशी पतसंस्थेत कॅशच्या खिडकीत बसल्यावरही जिभेवर ती कैरी होतीच. पासबुकं छापताना, नोटा मोजताना मी मनातल्या मनात त्या तांब्याशी भांडत होते.

मुलगी बालवाडीत होती तेव्हा मी महिनाभर हॉस्पिटलात होते. नातेवाइकांना सांगितलं होतं, टायफॉइड. टायफॉइड हा आमच्या घरातला फार उपयोगी आजार आहे. त्यात माणूस बडबडतो, अशक्त होतो, महिना लागतो आणि नंतर कुणी काही विचारत नाही. खरं नाव बायपोलर. त्याआधीचे कित्येक दिवस मी झोपले नव्हते, घरातल्या भिंती स्वतः रंगवायला काढल्या होत्या, आणि अनोळखी लोकांना घरी जेवायला बोलावत होते. नंतर तेच सगळं उलटं झालं, तेव्हा अंघोळीला उठणंही जमेना. मी परत आले तेव्हा याच काकू लिफ्टमध्ये भेटल्या. "बरं आहे ना आता?" म्हणाल्या आणि मजल्यांच्या आकड्यांकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. काय बोलायचं असतं ते त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. पण सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आमच्याकडे तीन घरांतून डबे आले होते, आणि माझ्या 'टायफॉइड'ला एकही नाही. माणसांना कसा कोण जाणे, वास येतो.

तेव्हापासून दोन गोळ्या, लिथियम आणि ओलान्झापीन. लिथियम मनाच्या आजारासाठी वापरायला 1949 साली एका ऑस्ट्रेलियन डॉक्टरने सुरुवात केली. ओलान्झापीन त्यामानाने कालचं, 1996 मध्ये बाजारात आलेलं. दोन्हींची पाकिटं शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीखाली. रोज रात्री जेवणानंतर मी मशीनपाशी जाते हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी कधी विचारलं नाही की तू एवढ्या रात्री काय शिवतेस.

ओलान्झापीनने मला माझी झोप परत दिली, हे आधी सांगते, कारण पुढे तिच्याबद्दल जे लिहिणार आहे त्यात ते विसरलं जाईल. त्या गोळीच्या आधी मी रात्रीला घाबरायचे. गोळी सुरू झाल्यावर महिन्याभरात मुलीच्या वह्यांना कव्हरं घालायला लागले, हिशोब जुळवायला लागले, नोकरीवर परत गेले. पण तिच्याबरोबर भूक आली. ही भूक पोटात नसायची. पोट गच्च भरलेलं असायचं आणि तोंड, हात, घसा हे सगळे उपाशी असायचे. रात्री गोळी घेतल्यावर तासाभराने ती यायची. मी अंधारात स्वयंपाकघरात उभी राहून भडंग खायची, मुठी भरभरून, लसणाचे तळलेले तुकडे बोटांनी शोधत. भडंग संपलं तर सकाळच्या पोळीला गूळ-तूप. ते संपलं तर नुसता गूळ. सांगलीत गुळाला काय तोटा. डब्याचं झाकण उघडताना आवाज होऊ नये म्हणून मी पदर धरायची, आणि तरीही आतल्या खोलीतून सासूबाई एकदा खोकायच्या. त्या खोकल्याचा अर्थ मी कधी लावला नाही. पुढे वाचलं की ही गोळी मेंदूतल्या हिस्टामीनच्या आणि सेरोटोनिनच्या काही कड्या अडवते, त्याने झोप येते आणि पोट भरल्याचा निरोप पोचत नाही. म्हणजे माझा हावरटपणा माझा एकटीचा नव्हता. हे कळायला मला इतकी वर्षं का लागावीत?

वजन वाढत गेलं आणि लोकांना ते आवडलं. "सुख दिसतंय हो अंगावर," असं मला किती लग्नांमध्ये ऐकायला मिळालं. कासाराकडे दोन-चारच्या बांगड्या भरणारी मी दोन-आठवर आले; तो हात दाबत म्हणायचा, "ताई, हाड मऊ आहे, जाईल, जाईल," आणि एकदा त्याच्या हातात तीन फुटल्या. ब्लाउजच्या आत शिंप्याने ठेवलेली माया सगळी सोडून झाली. पोट पुढे आलं, त्यामानाने हातपाय मात्र बारीकच राहिले. आपल्याकडच्या माणसाचं शरीर तसंही या बाबतीत लबाड. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा एक शेजारी-शेजारी काढलेला फोटो 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. उंची-वजनाचं गणित दोघांचं सारखंच, बीएमआय 22.3. पण इंग्रजाच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात 21.2. दिसायला दोघेही सडपातळ. असल्या अंगात ही गोळी गेल्यावर काय होणार, हे कुणीतरी आधीच ओळखायला हवं होतं, असं मला तो फोटो बघताना वाटलं.

ओळखलेलं होतंच म्हणा. त्याच 2004 साली अमेरिकेतल्या मधुमेहाच्या आणि मानसोपचाराच्या मोठ्या संघटनांनी एकत्र बसून लिहून ठेवलं की या जातीच्या गोळ्या सुरू करताना वजन, कंबर, बीपी, साखर, चरबी मोजा, वजन पहिले तीन महिने दर महिन्याला बघा, साखर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा आणि मग दर वर्षी. क्लोझापीन आणि ओलान्झापीन यांचा धोका सर्वांत जास्त, हेही त्यात होतं. मला गोळी सुरू झाली तेव्हा कंबरेला टेप कुणी लावली नाही. तेव्हा माझी बडबड थांबली हाच सगळ्यांना चमत्कार होता, मलासुद्धा. आग विझवायला आलेल्या माणसाला गालिचा भिजला म्हणून कोण बोलतं?

आणि लक्षणं तर होती. तहान होती. उन्हाळ्यात मी तांब्या घेऊन झोपायची, रात्रीतून तीनदा-चारदा उठायची. पण लिथियम घेणाऱ्याला तहान लागते आणि लघवीला जास्त होतं, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं. थकवा होता, तो ओलान्झापीनचा. वजन होतं, ते ओलान्झापीनचं. हाताला कंप होता, तो लिथियमचा. माझ्या प्रत्येक तक्रारीला उत्तर तयार असायचं, आणि त्या उत्तरांच्या मागे तो दुसरा आजार निवांत पाय पसरून बसला होता. पतसंस्थेच्या वर्धापनदिनाला तपासणी शिबिर होतं, म्हणून तो सापडला. लॅबच्या पोराने बोट टोचलं, यंत्राकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. "मॅडम, आत्ता काही गोड खाल्लंत का?" 268. मी सकाळपासून चहासुद्धा एकदाच प्यायले होते. पुढच्या आठवड्यात रीतसर रक्त दिलं: उपाशीपोटी 162, जेवणानंतर 271, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती एचबीएवनसी 8.4. उपाशीपोटी 126 किंवा सरासरी 6.5 झाली की डायबेटिस. शंकेला जागा नव्हती.

रिपोर्ट टेबलावर पडला होता. सासूबाईंनी चष्मा लावून तो वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. खोटं लिहीत नाही, खरंच उजळला.

त्यांना वीस-बावीस वर्षं शुगर आहे. त्यांच्याकडे यंत्र आहे, पट्ट्यांची डबी आहे, आकडे लिहिलेली वही आहे, मेथीच्या पाण्यापासून इन्सुलिनपर्यंत सगळ्या गोष्टींवर ठाम मतं आहेत, आणि आजवर ऐकायला कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांनी मला हाक मारली. ओट्यावर दोन वाट्या, दोन कापसाचे बोळे. "मधोमध टोचायचं नाही, कडेला टोच. मधोमध फार दुखतं. अंगठा आणि पहिलं बोट कामाची, त्यांना सोड. करंगळीकडून सुरू कर." मी कडेला टोचलं. रक्ताचा थेंब पट्टीने आत ओढून घेतला, आकडे उलटे मोजले गेले, 341. माझं काळीज तळाला. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आत्ता गूळ चिरत होतीस ना सत्यनारायणाच्या शिऱ्यासाठी? हात धू साबणाने, पूस, आणि दुसऱ्या बोटाला घे." 158. पट्टी वाया गेली याचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. मग आमचं ते रोजचंच झालं. गॅसवर चहाचं आधण, खिडकीतून येणारी धूळ आणि हळदीच्या गोदामांचा वास, आणि आम्ही दोघी सासू-सून समोरासमोर बोटं पिळत बसलेल्या. "माझी एकशे बेचाळीस. तुझी?" "एकशे एकसष्ट." "काल रात्री काय खाल्लंस?" हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच खोकल्याशिवाय विचारला.

सुनेचं आणि सासूचं जमवून द्यायला डायबेटिस लागतो हे मी कुठे वाचलं नव्हतं.

त्या काळात मी जिथे जाईन तिथे मला सल्ले मिळाले. आमराईत सकाळी फिरायला जायला लागले, तर तिथे प्रत्येक बाकावर एक तज्ज्ञ बसलेला. जांभळाच्या बियांची पावडर, कारल्याचा रस, दोन वेळाच जेवा, सारखं थोडं थोडं खा, भात सोडा, भाकरी सोडा. मला हे सगळं ऐकायला आवडत होतं, हे कबूल केलं पाहिजे. लोक माझ्याशी माझ्या आजाराबद्दल मोठ्या आवाजात, रस्त्याच्या पलीकडून बोलत होते. ऑफिसमधल्या वाढदिवसाला केक कापला की कुणीतरी म्हणायचं, "मॅडमना चिवडा द्या." मेटफॉर्मिनची, म्हणजे शुगरच्या गोळीची, पाकिटं शिलाई मशीनच्या खणात न जाता थेट जेवणाच्या टेबलावर आली, मिठाच्या आणि लोणच्याच्या बरणीच्या शेजारी, पाहुण्यांसमोर. जेवण झाल्यावर मी सगळ्यांदेखत गोळी घ्यायची. एकदा पाहुणे असताना मी खणातल्या गोळ्याही त्याच मुठीत घेऊन आले आणि एकदम गिळल्या. "बापरे, शुगरच्या एवढ्या गोळ्या!" असं चुलतसासूबाई हळहळल्या. मी "हो ना" म्हणाले. एका आजाराच्या पदराखाली दुसरा किती सहज झाकला गेला.

पण सल्ल्यांत धोके होते आणि ते मला उघड बोलता येत नव्हते. "मीठ एकदम बंद करा, वजन झरझर उतरतं," असं आमराईतल्या एका आजोबांनी सांगितलं. मीठ एकदम कमी झालं, घाम खूप गेला, जुलाब झाले, पाणी कमी पडलं, तर शरीर लिथियम धरून ठेवायला लागतं आणि त्याची रक्तातली पातळी चढते; ती ठरलेल्या मर्यादेच्या थोडी जरी वर गेली तरी विषबाधा होऊ शकते. मेटफॉर्मिनने सुरुवातीला माझं पोट बिघडलं तेव्हा मला शुगरची नव्हे, लिथियमची धास्ती होती. निर्जळी उपासाचंही तेच. एकादशीला मी पाणी पिते हे बघून नणंदेने भुवया उंचावल्या, आणि मी "शुगर आहे ना" म्हणून सुटले. ते कारण खोटं नव्हतं, पण खरं कारण मशीनच्या खणात होतं.

दोन डॉक्टर, दोन फायली. शुगरचे डॉक्टर सांगलीत. त्यांच्या केबिनमध्ये एका वेळी तीन पेशंट बाकावर बसवतात. त्यांनी चालू औषधं विचारली तेव्हा मी घरून लिहून आणलेली चिठ्ठी पुढे सरकवली. त्यांनी ती वाचली, मान हलवली आणि म्हणाले, "ही दुसरी गोळी बंद करता येते का बघा. तीच सगळ्याचं मूळ आहे." मनाचे डॉक्टर मिरजेला. ते म्हणाले, "स्वतःहून काही बंद करायचं नाही. बदलून बघू, सावकाश." दोघेही आपापल्या जागी बरोबर. ते दोघे एकमेकांशी कधी बोलले नाहीत; त्यांच्यातला निरोप्या मीच, सांगली-मिरज एसटीत मांडीवर दोन फायली घेऊन बसलेली. मला कधी कधी वाटायचं, एकाला फक्त गळ्यापर्यंतची बाई दिसते आणि दुसऱ्याला गळ्याच्या वरची.

तर बदलून बघितलं. अ‍ॅरिपिप्राझोल सुरू केलं, ते वजन-साखरेच्या बाबतीत बरंच सौम्य, आणि ओलान्झापीन टप्प्याटप्प्याने उतरवलं. रात्रीची ती भूक आठवड्याभरात ओसरली. ओसरली तेव्हा मला अक्षरशः कुणीतरी खोलीतून उठून गेल्यासारखं वाटलं. भडंगाचा डबा तसाच राहू लागला, त्यातले चुरमुरे सादळले. सकाळचा आकडा 130 च्या आत आला. सासूबाईंनी तो वहीत लाल पेनाने लिहिला. आमराईत लोक म्हणाले, "उतरलात हो!" मलाही हलकं वाटत होतं, चालताना गाणी सुचत होती. झोप थोडी कमी झाली होती, पण झोपेची गरजच वाटत नव्हती.

मग एका रात्री सासूबाई बाथरूमसाठी उठल्या. रात्री आम्ही दोघीही उठतो, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. पण स्वयंपाकघरात दिवा होता. मी मांडणीवरचे सगळे डबे खाली काढले होते, डाळी परातीत ओतल्या होत्या, आणि पांढऱ्या कागदाच्या पट्ट्यांवर सुवाच्य अक्षरात नावं लिहीत होते: तूर, मूग, मसूर, तिखट, गोडा मसाला. प्रत्येक नावाखाली खरेदीची तारीख. पहाटेचे तीन वाजले होते. सासूबाईंनी पाणी प्यायलं. परातीकडे बघितलं. काही न बोलता पाट ओढून बसल्या आणि शेंगदाणे निवडायला लागल्या. आम्ही कितीतरी वेळ तशाच बसलो, खवट दाणे एकीकडे, चांगले एकीकडे. सकाळी मी कामाला निघाले तेव्हा दारात म्हणाल्या, "तुझ्या त्या मिरजेच्या डॉक्टरांना फोन लाव आज. आजच लाव."

'तुझ्या त्या.' लग्नाला इतकी वर्षं होऊन त्यांनी त्या डॉक्टरांचा उल्लेख पहिल्यांदा केला होता.

ओलान्झापीन परत आलं, पहिल्यापेक्षा कमी डोसने. झोप परत आली. भूकही आली, जरा दबकत. आकडे पुन्हा वर सरकले. शुगरच्या डॉक्टरांनी मेटफॉर्मिन वाढवलं आणि सरासरी शेवटी 7.1 वर येऊन टेकली. वजनाच्या काट्याशी मात्र माझं अजून बोलणं नाही. ती नवी इंजेक्शनं आहेत, भूक मारणारी, 2025 पासून आपल्याकडेही मिळतात. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, पुढे बघू. मला कुणी विचारलं की हे सगळं आधी माहीत असतं तर ती गोळी घेतली असतीस का, तर माझं उत्तर हो आहे. चिडून हो. ज्यांनी भिंती रंगवणारी मी पाहिलेली नाही त्यांनी मला "त्या गोळ्या सोड, चालत जा, योगा कर" असं सांगू नये. चालते मी. रोज चालते.

आषाढी एकादशीला एक प्रकार घडला, तो लिहिल्याशिवाय राहवत नाही. सासूबाईंना साखर कमी करणारी ग्लिमेपिराइडची गोळी आहे. ती घेतल्यावर खावंच लागतं. त्या दिवशी गोळी घेतली आणि देवळात गर्दी, फराळाला दुपार झाली. घरी आल्या त्या तरातरा. चपला हातात घेऊन आत आल्या, मुलीला म्हणाल्या, "तू कोण? इथे कशाला बसलीस?" मग माझ्या नवऱ्यावर ओरडल्या की त्याने त्यांचे पैसे लपवलेत. शब्द एकात एक गुंतत होते, कपाळावर घाम, हात थरथरत होते. मुलगी रडायला लागली. नवरा गोंधळून दारात उभा. मला मात्र, का कोण जाणे, अजिबात भीती वाटली नाही. हा प्रदेश माझ्या ओळखीचा होता. मी त्यांना खाली बसवलं, बोटाच्या कडेला टोचलं, 48. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, त्यांनी अर्धी माझ्या साडीवर सांडली. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं, 79. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाल्या, "माझ्या चपला आत कुणी आणल्या?" मग मी साबुदाण्याची वाटी त्यांच्या हातात दिली.

संध्याकाळी बिल्डिंगभर कळलं. बायका येऊन बसल्या. "अहो, शुगर कमी झाली की होतं असं. माझी जाऊ तर भांडी फेकते." सगळ्या हसल्या, सासूबाईही हसल्या. त्यांनी लेकाला चोर म्हटलं होतं, नातीला ओळखलं नव्हतं, आणि ते त्यांच्या नावावर जमा झालं नाही. साखरेच्या नावावर गेलं. मी चहा गाळत होते. माझं असंच झालं होतं तेव्हा ते सगळं माझ्या नावावर लिहिलं गेलं आणि अजून आहे. मेंदूला साखर कमी पडते हे कारण आणि मेंदूतली दुसरी काही रसायनं बिघडतात हे कारण, यांत एवढा काय फरक आहे? गंमत म्हणजे एके काळी डॉक्टरांनी दोन्हींची सांगड घातली होती, भलत्याच रीतीने. 1930 च्या दशकात व्हिएन्नाच्या मॅनफ्रेड साकेलने मनोरुग्णांना इन्सुलिन टोचून टोचून, साखर मुद्दाम खाली नेऊन बेशुद्ध करायला सुरुवात केली. वेड बरं होतं म्हणून. पुढे वीसेक वर्षं जगभरच्या इस्पितळांत हा उपचार चालला, काही माणसं त्यातून उठलीच नाहीत. मग त्याचा उपयोग नाही असं दिसलं आणि तो बंद पडला. हे वाचलं तेव्हा मी सासूबाईंचा 48 आठवत कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसले होते.

त्या रात्री मी मशीनपाशी गेले तर सासूबाई मागून आल्या. म्हणाल्या, "दुपारचं मला काही आठवत नाही बघ. तुला आठवतं का गं, तुझं तेव्हाचं?" मी म्हटलं, "थोडं थोडं आठवतं, आई. न आठवलेलं बरं असतं." त्या "हं" म्हणाल्या आणि झोपायला गेल्या. त्याहून जास्त आम्ही त्या विषयावर बोललो नाही आणि बोलायची गरजही पडली नाही.

परवा आम्ही दोघी डोळ्यांचा पडदा तपासायला गेलो होतो. शुगरवाल्यांना ते दर वर्षी करावं लागतं. काउंटरवरची मुलगी फॉर्म भरत होती; माझ्या डोळ्यांत थेंब आधीच घातलेले, मला समोरचं काही वाचता येईना. म्हणून सासूबाई सांगत होत्या. त्यांचे थेंब थोडे नंतर घातले होते. "माझं लिही, शुगर, बीपी. हिचं शुगर." "इतर काही आजार? चालू औषधं?" मुलीने विचारलं. मी आत श्वास घेतला. हॉलमध्ये वीसेक माणसं होती, त्यांत पतसंस्थेचे दोन खातेदार. सासूबाई त्यांच्या नेहमीच्या, चार घरं पलीकडे ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "मनाच्या आजाराच्या गोळ्या आहेत हिला. बरीच वर्षं झाली. नावं अवघड आहेत, ती तिलाच विचार." मला क्षणभर त्यांचा इतका राग आला की काय सांगू. माझी गोष्ट होती ती, सांगायची की नाही हे मी ठरवायचं होतं. मुलीने पेन वर धरलं होतं. मी तिला नावं सांगितली. तिला ओलान्झापीनचं स्पेलिंग येईना, म्हणून एकेक अक्षर, मोठ्याने. लिथियम तिचं तिनेच लिहिलं. "कशाची अ‍ॅलर्जी?" तिने विचारलं. "नाही," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

बाहेर आलो तर ऊन डोळ्यांत घुसत होतं. दोघींच्याही बाहुल्या मोठ्या झालेल्या, एसटीची पाटी दिसण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून रिक्षा केली. रिक्षावाल्याने ऐंशी सांगितले. सासूबाई म्हणाल्या, "दोन आंधळ्या बायका बघून भाव वाढवतोस होय रे?" साठला ठरलं.